रंग बदलणारा पाहुणा घरात रमतो का?

ठाणे, प्रतिनिधी

घरात कुत्रे-मांजर पाळण्याइतकी जागा नाही, माशांच्या टाकीचा कंटाळा आला आणि पोपट पाळणे कायद्याने गुन्हा आहे, हेही आता बहुतेकांना कळून चुकले आहे. त्यामुळे 'काहीतरी वेगळे' पाळण्याची हौस शहरी मध्यमवर्गात वाढत गेली आणि काचेच्या पेटीत राहणारे, आवाज न करणारे, शेजाऱ्यांची तक्रार न ओढवणारे सरपटणारे प्राणी या हौसेच्या केंद्रस्थानी आले. त्यातही सर्वाधिक कुतूहल आहे ते शॅमेलिऑनचे. दोन दिशांना फिरणारे डोळे, शरीराहून लांब जीभ आणि क्षणात पालटणारा रंग! छायाचित्रासाठी याहून चांगला विषय तो कोणता? मात्र हा प्राणी पाळायला जितका सोपा वाटतो, तितकाच तो जगवायला अवघड आहे. शिवाय ज्या रंगांवर माणूस भाळतो, ते रंग पुष्कळदा त्या प्राण्याच्या भीतीचे आणि त्रासाचे असतात. शॅमेलिऑन पाळणे, त्याची पैदास करणे आणि त्याची छायाचित्रे काढणे या तिन्ही गोष्टींचा विचार करताना हे एक सत्य आधी समजून घ्यायला हवे.

कुंपणावरचा तो नव्हे

कोपरीतील एखाद्या जुन्या सोसायटीच्या कुंपणावर किंवा आवारातल्या झाडाच्या बुंध्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस लालबुंद डोक्याचा सरडा मान वरखाली करताना दिसतो. 'रंग बदलणारा सरडा' म्हणून आपण मुलांना दाखवतो तो हाच. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीतला सरडाही बहुधा हाच. पण हा शॅमेलिऑन नव्हे. हा बागेतला सामान्य सरडा. शास्त्रीय नाव कॅलोटस व्हर्सिकलर. विणीच्या हंगामात नराचे डोके आणि खांदे लाल होतात, गळ्याजवळ काळा डाग उमटतो आणि हंगाम सरला की तो पुन्हा मातकट दिसू लागतो.

खरा शॅमेलिऑन भारतात एकाच जातीचा आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. मराठीत त्याला सरडगुहिरा म्हणतात, काही भागांत घोयरा असेही म्हणतात. लॉरेंटी या शास्त्रज्ञाने १७६८ मध्ये या जातीची शास्त्रीय नोंद केली. गंगेच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पीय भारतात आणि श्रीलंकेत त्याचा वावर आहे. महाराष्ट्रात कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात आणि पानझडीच्या जंगलांत तो दिसतो. ठाण्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात तो सहजी नजरेस पडत नाही.

बागेतला सरडा आणि सरडगुहिरा यांतला फरक ओळखणे अवघड नाही. बागेतला सरडा चपळ असतो; चाहूल लागताच झाडाच्या पलीकडच्या बाजूला पळतो. सरडगुहिरा वाऱ्याने पान हलावे तसा पुढे-मागे डुलत, एकेक पाऊल टाकत चालतो. त्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा आणि शेपूट फांदीला वेटोळे घालणारी असते. पायांची बोटे दोन आणि तीन अशा दोन गटांत जोडलेली असल्याने पाऊल चिमट्यासारखे काम करते. डोळ्यांवर पापण्यांचे शंकू असून त्यांच्या टोकाशी बारीक छिद्र असते. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरत असल्याने एक डोळा मागच्या शत्रूवर आणि दुसरा पुढच्या किड्यावर, अशी दुहेरी पाळत तो ठेवू शकतो.

रंग ही त्याची बोली

शॅमेलिऑन ज्या पार्श्वभूमीवर बसतो तिच्याप्रमाणे रंग घेतो, हा समज जगभर रूढ आहे. लाल कापडावर ठेवला की लाल आणि चौकटीच्या कापडावर ठेवला की चौकटीचा, असे किस्सेही सांगितले जातात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. त्याचा मूळ हिरवा-तपकिरी रंग झाडीत मिसळून जाण्यास उपयोगी पडतो हे खरे. परंतु रंगातले झपाट्याने होणारे बदल मुख्यत्वे तापमान, प्रकाश, मनःस्थिती आणि दुसऱ्या शॅमेलिऑनशी होणारा संवाद यांवर अवलंबून असतात. दक्षिण आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनांचा अभ्यास करून डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मुसल्ली यांनी २००८ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की रंग बदलण्याच्या क्षमतेचा विकास लपण्याच्या गरजेपेक्षा परस्परांना उठून दिसणारे इशारे देण्याच्या गरजेतून झाला.

हे रंग येतात कसे, याचा उलगडा जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये केला. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेत विशिष्ट पेशींचा थर असतो आणि त्या पेशींत ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना हे स्फटिक एकमेकांच्या जवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. त्वचेतल्या पिवळ्या रंगद्रव्याशी हा निळा मिसळला की डोळ्यांना हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि त्वचा पिवळ्या, नारिंगी, लालसर छटांकडे झुकते. गडदपणासाठी वेगळी यंत्रणा आहे. मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य पेशींमध्ये पसरले की अंग काळवंडते. सकाळी गारठलेला शॅमेलिऑन ऊन शोषण्यासाठी गडद होतो, रात्री झोपेत तो फिका पडतो.

घरात पाळणाऱ्याला हे विज्ञान उपयोगी आहे. शांत, तृप्त शॅमेलिऑन बहुतेक वेळा सौम्य रंगाचा असतो. भडक पट्टे, फुगलेला गळा, उघडलेले तोंड ही 'दूर हो' अशी धमकी असते. दिवसभर टिकणारा काळपट रंग थंडीचा, आजाराचा किंवा सततच्या ताणाचा इशारा असू शकतो. पाहुणे आले, पेटी उघडली, प्राणी हातावर घेतला आणि त्याने 'काय सुंदर रंग दाखवले' असे सर्वांनी म्हटले, तेव्हा तो प्राणी बहुधा घाबरलेला असतो.

जिभेची करामत

शॅमेलिऑनच्या जिभेबद्दल जितके ऐकावे तितके थोडेच. मंद चालीच्या या प्राण्याला पळत जाऊन शिकार करता येत नाही. ती उणीव जीभ भरून काढते. जिभेतला स्नायू आकुंचन पावून लवचिक ऊतींमध्ये ताण साठवतो आणि धनुष्यातून बाण सुटावा तशी जीभ सुटते. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाचे ख्रिस्तोफर अँडरसन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आफ्रिकेतील एका चिमुकल्या जातीच्या जिभेचा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट असल्याचे आढळले. ही जीभ शरीराच्या सुमारे अडीच पट अंतरावर पोचत होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनानुसार जिभेच्या टोकावरील चिकट द्रव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असतो.

शॅमेलिऑनच्या २०० हून अधिक जाती जगाला ठाऊक आहेत आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये आहेत. २०२१ मध्ये तिथूनच नोंदवल्या गेलेल्या ब्रूकेसिया नाना या जातीच्या नराचे धड अवघे साडेतेरा मिलिमीटर आहे. तिथल्याच लॅबोर्ड शॅमेलिऑनचे अंड्याबाहेरचे आयुष्य चार-पाच महिन्यांचे असते; त्याच्या आयुष्याचा मोठा काळ अंड्यातच जातो. इतक्या भिन्न जीवनक्रमांच्या प्राण्यांना 'शॅमेलिऑन कसा पाळावा' या एकाच उत्तरात बसवणे शक्य नाही.

पेटी नको, जाळीचे झाड हवे

जगभरात पाळल्या जाणाऱ्या जातींत येमेन आणि सौदी अरेबियातील व्हेल्ड, मादागास्करचा पँथर आणि पूर्व आफ्रिकेतील तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन प्रमुख आहेत. हौशी माणसाची पहिली चूक पेटीपासून सुरू होते. मासे ठेवायची काचेची टाकी या प्राण्याला मानवत नाही. तिच्यात हवा कोंडते आणि काचेतले स्वतःचे प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटून तो सतत ताणात राहतो. त्याला हवा उभा, जाळीचा पिंजरा. मोठ्या जातीच्या एका प्राण्यासाठी साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच अशी जागा लागते. आत जिवंत झाडे आणि वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या हव्यात. उंचावर बसलेला शॅमेलिऑन सुरक्षित समजतो. माणसाच्या नजरेखाली, जमिनीलगत ठेवलेला पिंजरा त्याला असुरक्षित वाटतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. हाडे घडण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व शरीरात तयार होण्यास विशिष्ट अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे 'आमच्या बाल्कनीच्या काचेतून भरपूर ऊन येते' हे समाधान फसवे आहे. त्यासाठी खास दिवा लागतो. तो जळत राहिला तरी त्यातले अतिनील किरण कालांतराने क्षीण होतात. म्हणून सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. याकडे दुर्लक्ष झाले की हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो आणि जिभेचा नेमही चुकू लागतो. बंदिवासातील शॅमेलिऑनांचा हा सर्वांत परिचित आजार आहे आणि त्याचे मूळ बहुधा पाळणाऱ्याच्या अज्ञानात असते.

तिसरी गोष्ट पाण्याची. वाटीत ठेवलेले पाणी शॅमेलिऑन सहसा ओळखत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून पिंजऱ्यात फवारा किंवा ठिबक लागते. डोळे आत गेलेले दिसले की शरीरातले पाणी कमी झाले असे समजावे. पण सतत ओल राहूनही चालत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. अशा कोंदट हवेत श्वसनमार्गाचा संसर्ग लवकर होतो. दुसरीकडे एप्रिल-मे महिन्यांत बंद फ्लॅटमधले तापमान झेपण्यापलीकडे जाते. दिवसा ऊबदार जागा आणि रात्री गारवा, असा चढउतार या प्राण्याला हवा असतो. वीज गेली, घर बंद करून चार दिवस गावी जावे लागले, तर ही सारी व्यवस्था कोण सांभाळणार, याचे उत्तर आधीच तयार हवे.

खाद्य जिवंत किड्यांचे लागते. रातकिडे, झुरळांच्या पाळीव जाती, रेशीमकिडे असे वैविध्य हवे. किड्यांना आधी पालेभाज्या खाऊ घालून आणि वर कॅल्शियमची भुकटी शिंपडून मग ते शॅमेलिऑनला द्यायचे असतात. घरातली फवारणी केलेली झुरळे देणे म्हणजे विषप्रयोगच. आणि एका पिंजऱ्यात एकच प्राणी, हा नियम कसोशीने पाळावा लागतो. शॅमेलिऑन एकलकोंडा आहे; त्याला सोबतीची गरज नसते, उलट सोबत हा त्याला जाच असतो.

अंड्यांचे गणित

पैदाशीचा विषय येथूनच सुरू होतो. नर-मादी केवळ समागमापुरतेच एकत्र आणायचे असतात. मादीने नकाराचे रंग दाखवले, म्हणजे ती काळवंडली, तोंड उघडून डुलू लागली, की दोघांना तत्काळ वेगळे करावे लागते. गरोदर पँथर मादी गडद होऊन अंगावर नारिंगी-गुलाबी छटा दाखवते. तिची 'आता जवळ येऊ नको' ही सूचना नराला नेमकी कळते.

व्हेल्ड जातीच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. नराशी कधीही संबंध न आलेली मादीसुद्धा अंडी धरते. एका वेळी ३० ते ८० अंडी होऊ शकतात. ती घालण्यासाठी तिला खोल, ओलसर वाळू-माती लागते. तशी जागा मिळाली नाही तर अंडी अडून मादी दगावते. 'एकच मादी पाळली आहे, पैदाशीचा प्रश्न नाही' असे समजणाऱ्यांच्या घरी हा प्रसंग ओढवतो. अनुभवी पाळणारे मादीचे खाद्य आणि तापमान मर्यादित ठेवून अंड्यांची संख्या आटोक्यात ठेवतात.

घातलेली अंडी उबवणे हे संयमाचे काम आहे. व्हेल्डच्या अंड्यांना साधारण सहा ते नऊ महिने, पँथरच्या अंड्यांना सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत अवधी लागतो. जॅक्सन शॅमेलिऑन मात्र जिवंत पिल्ले देतो. सरडगुहिऱ्याची मादी जमिनीत बीळ खोदून साधारण १० ते ३० अंडी घालते. अंडी फुटून एकदम ४० पिल्ले बाहेर आली, की प्रत्येकासाठी फळमाश्यांएवढे बारीक खाद्य, पाणी, प्रकाश आणि थोड्याच आठवड्यांत स्वतंत्र जागा द्यावी लागते. एवढी तयारी नसताना केलेली पैदास म्हणजे पिल्लांच्या मृत्यूची सोय करणे होय.

तरीही जबाबदार पैदाशीला एक मोल आहे. जंगलातून पकडून आणलेले प्राणी परजीवींनी ग्रासलेले, प्रवासात कोरडे पडलेले आणि माणसाला बुजलेले असतात. त्यांतले अनेक फार काळ जगत नाहीत. बंदिवासात जन्मलेली पिल्ले त्या तुलनेत तग धरतात आणि जंगलावरचा भार कमी होतो. मात्र 'बंदिवासात जन्मलेला' हे विक्रेत्याचे शब्द कागदपत्रांनी सिद्ध व्हायला हवेत.

कायदा काय सांगतो?

या बाबतीत संदिग्धतेला जागा नाही. सरडगुहिरा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे, विकणे, विकत घेणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. 'शेतात सापडला म्हणून आणला' हा बचाव ठरत नाही.

परदेशी जातींची गोष्ट वेगळी असली तरी मोकळीक नाही. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या परिशिष्टांत व्हेल्ड, पँथर आणि जॅक्सन या तिन्ही जाती येतात. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी भारतीय कायद्यात आल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. सर्वसाधारण उल्लंघनासाठीच्या दंडाची मर्यादाही २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेण्यात आली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते, त्यांना नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळामार्फत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करणे बंधनकारक आहे. पिल्लांचा जन्म, प्राण्याचा मृत्यू किंवा दुसऱ्याकडे हस्तांतर यांचीही माहिती द्यावी लागते.

विकत घेताना आयातीचा परवाना, मूळ मालकाची नोंदणी आणि हस्तांतराची कागदपत्रे मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. कागद नसलेला प्राणी कोणत्या वाटेने आला असेल, याची कल्पना विमानतळांवरील कारवायांवरून येते. ऑगस्ट २०२३ मध्ये बेंगळूरु विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून २३४ वन्यजीव जप्त करण्यात आले. त्यांत अजगर, इग्वाना, कासवे यांच्यासह शॅमेलिऑनही होते. कांगारूचे पिल्लू गुदमरून मेलेले होते. दिवाणखान्यातल्या शोभेच्या प्राण्यामागे असा प्रवास असू शकतो.

हौस फिटल्यावर प्राणी येऊरच्या जंगलात किंवा खाडीकाठच्या झाडीत सोडून देणे, हा तर दुहेरी अपराध आहे. हवाई बेटांवर १९७२ मध्ये विक्रीसाठी आणलेले काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन बागेत मोकळे सोडले गेले. ते पसरत गेले आणि आज तिथल्या स्थानिक कीटक व गोगलगायींना त्यांचा उपद्रव होतो. व्हेल्डने फ्लोरिडात असाच जम बसवला आहे.

कॅमेऱ्यापुढे कोण, मागे कोण?

डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल हाती आल्यापासून सरपटणाऱ्या प्राण्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या वाढली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सरडगुहिरा पाळता येत नसला तरी त्याला त्याच्या जागी पाहता येते. परंतु चांगल्या छायाचित्राच्या हव्यासापायी त्याला फांदीवरून उचलून 'बरी पार्श्वभूमी' असलेल्या झुडपावर बसवणे, काडीने डिवचून तोंड उघडायला लावणे असे प्रकार घडतात. पाहणाऱ्याला ते चित्र 'आक्रमक मुद्रा' म्हणून भावते. प्रत्यक्षात त्यात टिपलेली असते ती घबराट.

जाणकार छायाचित्रकार काही पथ्ये पाळतात. लांब पल्ल्याची किंवा ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स वापरली की अंतर राखता येते. प्राण्याच्या डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा आणून डोळ्यावर फोकस साधला की चित्राला जिवंतपणा येतो. सकाळचे तिरपे ऊन रंगांना न्याय देते. जवळून मारलेला फ्लॅश त्वचेचा पोत सपाट करतो आणि प्राण्याला त्रासही देतो. रात्री झोपलेला, फिका पडलेला शॅमेलिऑन विजेरीच्या उजेडात चटकन उठून दिसतो. पण तेव्हा त्याची झोपमोड करणे म्हणजे त्याला अंधारात धडपडायला लावणे होय. जीभ सुटण्याचा क्षण सेकंदाच्या काही शतांश भागात संपतो. तो टिपायचा तर अतिशय वेगवान शटर आणि तासन्‌तासांची चिकाटी हवी. त्यासाठी किडा दोऱ्याला बांधून समोर धरणे हा मार्ग नव्हे.

आणखी एक पथ्य आजच्या काळात फार महत्त्वाचे. छायाचित्र इंटरनेटवर टाकताना नेमके ठिकाण उघड करू नये. छायाचित्राच्या फाइलमध्ये स्थानाची नोंद आपोआप दडलेली असते. ती काढून टाकावी. पकडणाऱ्यांच्या टोळ्यांना एवढा धागा पुरतो. आणि प्राण्याने रंग गडद केला, गळा फुगवला किंवा पाठ फिरवून फांदीच्या आड जाऊ लागला, तर कॅमेरा खाली ठेवून दोन पावले मागे सरावे.

सापडला तर काय करावे?

सरडगुहिऱ्याविषयी ग्रामीण भागात भीती आहे. त्याच्या चावण्याने माणूस दगावतो, अशी समजूत असल्याने तो दिसताच ठेचला जातो. वस्तुतः तो विषारी नाही. तो पिकांवरचे किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच आहे. अंडी घालायला मादी झाडावरून खाली उतरते तेव्हा रस्ता ओलांडताना वाहनाखाली चिरडली जाण्याचा धोका असतो. सहलीला किंवा गावी जाताना असा प्राणी रस्त्यावर दिसला, तर वाहन थांबवून त्याला ज्या दिशेने तो जात होता त्या बाजूच्या झाडीपर्यंत जाऊ द्यावे. जखमी प्राणी आढळला, कुणी विकताना दिसला किंवा एखाद्या घरात बेकायदा ठेवल्याचे कळले, तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. स्वतः उपचार करू नयेत आणि 'बरा होईपर्यंत' म्हणून घरी ठेवू नये.

परदेशी जात रीतसर नोंदणी करून पाळायची असेल, तर आधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक जवळपास आहे का, याची खातरजमा करावी. असे डॉक्टर मोजकेच आहेत. पिंजरा, दिवे आणि ठिबक महिनाभर चालवून, तापमान-आर्द्रता मोजून मगच प्राणी आणावा. चांगल्या निगेत व्हेल्डचा नर सहा-सात वर्षे जगतो, म्हणजे तेवढी वर्षे रोज किडे पाळण्याची तयारी हवी. ती नसेल तर मुलांना घेऊन सोसायटीच्या कुंपणाशी उभे राहावे. तिथला लाल डोक्याचा सरडा फुकट दिसतो, स्वतःचे अन्न स्वतः मिळवतो आणि त्याने रंग बदलला तर तो आपल्यामुळे नव्हे, त्याच्या स्वतःच्या कारणाने बदललेला असतो.